उन्हाळी सुट्टी हा मराठी चित्रपटाचा खरोखरच हंगाम आहे का?

पिटातला प्रेक्षक (प्रश्न)

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून एप्रिलचा शेवटचा व मे महिन्याचा पहिला आठवडा मराठी निर्मात्यांच्या मनात जो घर करून बसला आहे, तो अजून तेथून हललेला नाही. २०२२ मध्ये ‘चंद्रमुखी’ने नेमकी २९ एप्रिलच धरली. २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि ‘टीडीएम’ हे दोन्ही चित्रपट २८ एप्रिल या एकाच दिवशी आले. २०२४ मध्ये २६ एप्रिलला ‘जुनं फर्निचर’ आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, महाराष्ट्र दिनी, ‘नाच गं घुमा’ व ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ असे आणखी दोन चित्रपट लागले. २०२५ च्या १ मे रोजी ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ समोरासमोर उभे राहिले. या सगळ्यामागचा युक्तिवाद आता आपल्याला पाठ झाला आहे: परीक्षा संपलेल्या असतात, शाळांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, १ मेची हक्काची सुट्टी हाताशी असते आणि बाहेर ऊन मी म्हणत असताना गार सभागृहात अडीच-तीन तास बसायला कोणाचीच ना नसते.

माझी शंका आहे ती याच युक्तिवादाबद्दल. ही सुट्टी, हे ऊन आणि ही गार सभागृहे हिंदी, दाक्षिणात्य आणि हॉलिवूडच्या निर्मात्यांनाही दिसतात, आणि त्यांचा फौजफाटा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. ‘बाहुबली’चा दुसरा भाग २८ एप्रिल २०१७ ला आला, ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे दोन भाग अनुक्रमे २७ एप्रिल २०१८ आणि २६ एप्रिल २०१९ ला आले, २०२२ मध्ये ‘केजीएफ’चा दुसरा भाग १४ एप्रिलपासूनच पडदे व्यापून बसला होता, त्यात २९ एप्रिलला ‘हिरोपंती २’ व ‘रनवे ३४’ आणि ६ मे रोजी ‘डॉक्टर स्ट्रेंज’ यांची भर पडली. शिवाय एप्रिल आणि मे हे दोन महिने आयपीएलचे असतात, म्हणजे ज्या वेळेला घरातील माणसे एकत्र चित्रपटाला निघू शकतात, नेमक्या त्याच वेळेला दूरचित्रवाणीवर नाणेफेक झालेली असते.

याउलट केदार शिंदे यांचेच उदाहरण पाहावे. त्यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ ऐन उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या तोंडावर आला, अजय-अतुल यांची गाणी आधीपासून गाजत होती आणि विषयही त्या दिवसाला साजेसा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० जून २०२३ रोजी, त्यांचाच ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या, पाऊस लागला होता आणि समोर ना लांब सुट्टी होती ना सण. तरीही गल्ल्याच्या हिशेबात तो त्या वेळी ‘सैराट’च्या खालोखालचा मराठी चित्रपट ठरला. मग उन्हाळा हा खरा हंगाम आहे, की एका चित्रपटाच्या अफाट यशाने पडलेली ती केवळ प्रथा आहे? ज्यांनी चित्रपटगृहाचा किंवा वितरणाचा व्यवहार जवळून पाहिला आहे, त्यांचे मत मला विशेष वाचायचे आहे. जाता जाता, पोस्टरवर छापलेले कोटींचे आकडे कसे वाचावेत हेही कोणी नीट सांगितले, तर उपकार होतील.

खिडकीमागचा

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृहाचा व्यवस्थापक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे मी जे सांगतो आहे ते पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

आपण ‘उन्हाळा’ म्हणून जो एक तुकडा धरला आहे, तो ग्रामीण भागात किमान तीन वेगवेगळ्या तुकड्यांचा असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलेला असतो, ऊसतोड मजूर परत निघालेले असतात, गावोगावच्या चैत्री यात्रा सुरू असतात आणि लोकांच्या हातात थोडा पैसा असतो. मात्र दहावी-बारावीची मुले वगळता बाकीच्या शाळांच्या परीक्षा अजून चालू असतात. दुसरा तुकडा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मे अखेरीपर्यंतचा, आणि आमच्यासाठी सोन्याचा तोच. लग्नसराईमुळे माणसे बस्ता, भांडी आणि दागिने यांच्या खरेदीसाठी तालुक्याला येतात, पुण्या-मुंबईची चाकरमानी मंडळी मुलांना घेऊन गावी आलेली असतात आणि दुपारी बारा ते चार या वेळेत बाजारपेठेत उभे राहायलाही सावली नसते. आमच्याकडे मे महिन्यात बाराचा खेळ रात्रीच्या नऊच्या खेळापेक्षा जास्त भरायचा, हे शहरातील माणसाला सांगून पटत नाही. तिसरा तुकडा जूनच्या पहिल्या आठवड्यानंतरचा. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास बी-बियाणे, खते आणि शाळेची वह्या-पुस्तके हे तिन्ही खर्च एकदमच येतात, आणि मग कितीही चांगला चित्रपट लावला तरी स्टॉलची तिकिटे उठत नाहीत.

‘सैराट’ नेमका या दुसऱ्या तुकड्याच्या आरंभी आला, म्हणून त्याला पुढे चार-पाच आठवड्यांचे मोकळे रान मिळाले. त्याच दिवशी ‘बागी’ हा हिंदी चित्रपट आला होता, त्याआधीचा ‘जंगल बुक’ अजून जोरात होता आणि आठवडाभराने ‘कॅप्टन अमेरिका’ही आला, आयपीएल तर ९ एप्रिलपासून सुरूच होते. तरीही त्याचे काही बिघडले नाही. ‘झिंगाट’ सुरू झाले की पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ पोरे नाचायला उतरायची आणि गाणे संपल्यावर आमच्या डोअरकीपरला त्यांना पुन्हा जागेवर बसवावे लागायचे. त्यातली निम्मी पोरे तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा आलेली असायची. एकाच प्रेक्षकाने पुन्हा पुन्हा तिकीट काढणे हे फक्त सुट्टीत घडू शकते, कारण एरवी त्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून माझ्या मते सुट्टीचा खरा फायदा पहिल्या शुक्रवारी दिसतच नाही, तो तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दिसतो. ज्या चित्रपटाला तेथपर्यंत पोहोचू दिले जात नाही, त्याच्यासाठी मे महिना आणि नोव्हेंबर महिना यांत काही फरक नाही.

आणखी एक जुनी गोष्ट या निमित्ताने नोंदवून ठेवतो. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ ३ एप्रिल २००९ रोजी प्रदर्शित झाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून उत्पन्नाच्या वाटणीवरून हिंदी निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणे बंद केले. तो तंटा जूनच्या आरंभापर्यंत चालला. म्हणजे अख्खा उन्हाळा मल्टिप्लेक्समध्ये नवा मोठा हिंदी चित्रपट जवळजवळ नव्हताच, आणि मोठ्या संख्येने खेळ देता येतील असा, लोकांच्या तोंडी असलेला चित्रपट होता तो हाच. चित्रपटात दम होता हे निर्विवाद. पण रोज पाच-सहा खेळ मिळाले म्हणजे तो दम किती काळ टिकतो, हेही त्या वर्षी सर्वांना दिसले. तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की उन्हाळा हा हंगाम खराच आहे, मात्र तो खेळांच्या संख्येवर पिकतो, तापमानावर नव्हे.

हिशेबनीस

खिडकीमागचा यांच्या प्रतिसादातील २००९ च्या तंट्याचा धागा पकडून आकड्यांविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध तसाच राहिला आहे.

त्या तंट्यातून जी तडजोड निघाली, तिच्यानुसार करवजा उत्पन्नातील वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला, आणि मल्टिप्लेक्सचा व्यवहार आजही स्थूलमानाने याच सूत्रावर चालतो. या उतरत्या वाटणीचा अर्थ निर्मात्याने नीट समजून घ्यायला हवा. जो चित्रपट पहिल्याच आठवड्यात धो-धो चालतो, त्याच्या निर्मात्याला प्रत्येक रुपयातून अधिक वाटा मिळतो. जो हळूहळू वर येतो, त्याची गर्दी वाढेपर्यंत त्याचा वाटा घसरलेला असतो. मराठी चित्रपट बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा असतो. माउथ पब्लिसिटीवर त्याचा दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा चांगला गेला, तर आपण सर्वजण टाळ्या वाजवतो, पण त्या चांगल्या आठवड्यातील मोठा हिस्सा चित्रपटगृहाच्या पदरात पडतो.

आता पोस्टरवरील आकडा. तो बहुधा एकूण विक्रीचा असतो, म्हणजे प्रेक्षकाने खिशातून काढलेली सगळी रक्कम. समजा, पोस्टरवर दहा कोटी लिहिले आहेत. शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे सर्व तिकिटे त्या गटातील धरली तर कर वजा जाता सुमारे ८.४७ कोटी उरतात. आठवड्यांची सरासरी काढून वितरकाचा वाटा ४५ टक्के धरला, तर हाती ३.८ कोटी येतात. त्यातून वितरकाचे कमिशन, डिजिटल प्रक्षेपणासाठी प्रत्येक पडद्यामागे निर्मात्याला भरावी लागणारी रक्कम आणि प्रसिद्धीचा खर्च वळता करायचा, व जे उरेल त्यातून मूळ निर्मितीखर्च भरून काढायचा. उपग्रह प्रक्षेपण आणि ओटीटीचे हक्क विकले गेले असतील तर ठीक. ते विकले गेले नसतील तर दहा कोटींचे पोस्टर लावलेला निर्माता तोट्यात असू शकतो, आणि त्यात कोणी कोणाची फसवणूक केलेली असते असेही नाही.

वर्षावर्षांच्या तुलनेतही एक गफलत वारंवार होते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, त्यामुळे ‘सैराट’ची राज्यातील एकूण विक्री आणि निव्वळ विक्री यांत फारसे अंतर नव्हते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तो मराठी तिकिटालाही लागू झाला. आरंभी शंभर रुपयांवरील तिकिटाला तो २८ टक्के होता, २०१९ च्या जानेवारीपासून १८ टक्क्यांवर आला. म्हणून ‘सैराट’ आणि ‘बाईपण भारी देवा’ यांचे आकडे शेजारी ठेवून कोणी भांडत असेल, तर आधी त्याला दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा करासह आहे की करवजा, आणि दोन्ही वेळचे सरासरी तिकीट किती रुपयांचे होते. मी तर म्हणेन की आपल्याकडे विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या जाहीर करण्याची पद्धत नाही, हेच या सगळ्या वादांचे मूळ आहे. ती संख्या समोर असती, तर सध्याची निम्मी अभिनंदनाची पोस्टरे छापलीच गेली नसती.

पिटातला प्रेक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खेळांच्या संख्येचा मुद्दा मला पटतो, पण त्यातूनच माझी शंका अधिक घट्ट होते. ‘टीडीएम’चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे आणि त्यांच्या कलाकारांवर, पुरेसे खेळ मिळत नाहीत म्हणून प्रेक्षकांसमोर डोळ्यांत पाणी आणून बोलण्याची वेळ आली; शेवटी त्यांनी चित्रपट थांबवला आणि ९ जून २०२३ रोजी तो नव्याने प्रदर्शित केला. ज्या आठवड्यात एक मणिरत्नम यांचा बहुभाषिक चित्रपट आणि दोन मराठी चित्रपट एकत्र येतात, आणि पुढच्याच शुक्रवारी ‘द केरला स्टोरी’सारखा चित्रपट येऊन थडकतो, त्या आठवड्यात खेळ मिळणार तरी कोठून? यात चित्रपटगृहांना सरसकट खलनायक ठरवण्याची माझी इच्छा नाही, कारण आठवड्याचे वेळापत्रक लावणाऱ्या माणसाकडे पडदे मोजकेच असतात आणि शुक्रवार-शनिवार-रविवारच्या विक्रीवर त्याला पुढचा निर्णय घ्यावा लागतो.

माझ्या घराजवळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मात्र मी जे नेहमी पाहतो, ते सांगायला हवे. मराठी चित्रपटाला दोन खेळ मिळतात: एक सकाळी सव्वादहाचा आणि दुसरा रात्री पावणेअकराचा. सकाळचा खेळ नोकरदार माणसाला जमत नाही, रात्रीचा लहान मुले असलेल्या कुटुंबाला जमत नाही. मग सोमवारी ‘प्रतिसाद नाही’ या कारणाने त्यातलाही एक निघून जातो. राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली होती, त्यावर बराच गदारोळही झाला होता. पुढे ती प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. दुपारी बाराला कसला प्राइम टाइम, असे तेव्हा मीही म्हणालो होतो, आणि खिडकीमागचा यांच्या गावाचा अपवाद सोडला तर आजही म्हणतो.

दुपारचा खेळ

दुपारी बाराला कसला प्राइम टाइम, असे विचारणाऱ्याने ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी दुपारी बारा आणि साडेतीनच्या खेळांना चित्रपटगृहाबाहेर उभे राहून पाहायला हवे होते. मी त्या गर्दीत होते, म्हणून लिहिते.

मूळ प्रश्नात ‘तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या’ हे जणू त्या चित्रपटाच्या विरोधात जाणारे कारण म्हणून आले आहे. मला वाटते, ते त्याच्या बाजूचे कारण होते. उन्हाळी सुट्टी मुलांची आणि नोकरदारांची असते. घर चालवणाऱ्या बाईची ती कधीच नसते. मे महिन्यात मुले दिवसभर घरी, त्यांना भुका दर दोन तासांनी, नणंद नाहीतर भावजय मुलांसह मुक्कामाला, त्यातच वर्षाचे पापड, कुरडया, लोणची आणि तिखट-मसाल्यांची कांडणे. अशा महिन्यात चार मैत्रिणींना एकाच दुपारी घराबाहेर काढून दाखवावे. जूनच्या शेवटी मुले शाळेत गेली की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा वेळ पुन्हा बाईच्या हाती येतो, आणि भिशी मंडळे, भजनी मंडळे, सोसायटीतील महिला मंडळे यांचे बेत पुन्हा सुरू होतात. आमच्या मंडळाने एकाच वेळी बेचाळीस तिकिटे काढली, एकमेकींना फोन करून नऊवारी आणि नथ ठरवली आणि चित्रपट संपल्यावर व्हरांड्यात फुगड्याही घातल्या. तेथील सुरक्षारक्षकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग स्वतःच सर्वांचे भ्रमणध्वनी हातात घेऊन छायाचित्रे काढून दिली.

तेव्हा प्रत्येक चित्रपटाचा प्रेक्षक कोण आहे आणि तो प्रेक्षक केव्हा मोकळा असतो, हे विचारल्याशिवाय ‘हंगाम’ या शब्दाला काहीच अर्थ उरत नाही. कॉलेजातल्या पोरांचा चित्रपट मे महिन्यात लावावा, त्यात काही वावगे नाही. चाळिशीपुढच्या बायकांचा चित्रपट मे महिन्यात लावून पुन्हा ‘महिला प्रेक्षक आला नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या घरात बहुधा पापड विकतचे येत असावेत.

वऱ्हाडकर

वरच्या चर्चेत ‘महाराष्ट्र’ म्हणून जे काही चालले आहे, त्यात विदर्भ कोठे आहे हे मला दिसले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. चित्रपट वितरणाच्या जुन्या नकाशावर आपले राज्य एकसंध नाहीच. मुंबई, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र हे मुंबई सर्किटमध्ये, ज्यात गुजरात आणि गोवाही मोडतात. विदर्भ हा सीपी बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) सर्किटमध्ये, ज्या नावातील मध्य प्रांत राजकीय नकाशावरून केव्हाच पुसला गेला. आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, तेलंगणाच्या सोबत. मुंबईत बसून ठरवलेली तारीख या तिन्ही ठिकाणी सारखीच फळेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. खिडकीमागचा यांच्या गावी दुपारचा खेळ भरतो, कारण माणूस आधीच बाजारात आलेला असतो. आमच्याकडे तो त्या वेळी घराबाहेर पडतच नाही, कूलरसमोर पडून राहतो. आमचा उन्हाळ्याचा प्रेक्षक संध्याकाळी सहानंतरचा आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाचा. म्हणजे उरलेल्या राज्यात कुचकामी मानला जाणारा पावणेअकराचा खेळ आमच्याकडे मे महिन्यात कामाचा ठरतो. दुसरे असे की विदर्भातील शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे जूनचे पहिले तीन आठवडे आमच्याकडे सुट्टीच असते आणि तोवर उन्हाची धारही थोडी उतरलेली असते. पण तोपर्यंत बहुतेक मराठी चित्रपट पुण्यातून उतरलेले असतात आणि पुण्यातून उतरले म्हणून नागपूर, अमरावती, अकोल्यातूनही उतरवले जातात. हिंदीशी आमच्याकडे लढत आणखी अवघड आहे हे मान्य. तरी ज्यांना लढायचे आहे त्यांनी निदान आमच्या शाळांचे वेळापत्रक तरी पाहावे.

सातासमुद्रापलीकडे

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहतो. उन्हाळी चित्रपटाची जी कल्पना आज जगभर रुजली आहे, ती ज्या देशात जन्मली तेथील दोन उदाहरणे या चर्चेला उपयोगी पडतील असे वाटते.

‘जॉज’ हा चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिका आणि कॅनडातील चारशेहून अधिक पडद्यांवर एकाच दिवशी लागला, आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा भडिमार करण्यात आला. तोपर्यंत मोठ्या चित्रपटाची रीत उलटी होती. तो आधी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांतील मोजक्या चित्रपटगृहांत लागे आणि मग हळूहळू गावोगाव पोहोचे. ‘जॉज’च्या यशाने स्टुडिओंना धडा मिळाला तो असा की सर्वत्र एकदम लावा, आधी आरडाओरडा करा आणि पहिल्या शनिवार-रविवारी पैसे वसूल करा. आज पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यावरून चित्रपटाचे भवितव्य ठरवण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ तेथे आहे.

परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ मे १९७७ रोजी आलेला ‘स्टार वॉर्स’ पहिल्या दिवशी पन्नासही चित्रपटगृहांत नव्हता. त्याला पडदे द्यायला चित्रपटगृहे फारशी उत्सुक नव्हती. लोकांनी रांगा लावल्या, त्या रांगांच्या बातम्या झाल्या, मग पडदे वाढत गेले आणि ‘जॉज’चा विक्रम त्यानेच मोडला. उन्हाळी हंगामाचे जनक म्हणून ज्या दोन चित्रपटांची नावे घेतली जातात, त्यांतील एक रुंद वाटेने आला होता आणि दुसरा अरुंद वाटेने, हे आपण विसरतो. पहिल्या वाटेला प्रचंड भांडवल लागते. मराठी निर्माता आज तीच वाट धरू पाहतो, साडेतीनशे-चारशे खेळांची घोषणा करतो, त्यातले निम्मे खेळ अडनिड्या वेळांचे असतात आणि रिकाम्या सभागृहांचा आकडा सोमवारी त्याच्याच विरोधात वापरला जातो. त्याऐवजी तीस-चाळीस नीट निवडलेल्या ठिकाणी, हव्या त्या वेळेला, भरलेले खेळ दाखवून मग विस्तार करणे त्याला अधिक परवडेल.

आमच्याकडे परदेशात मराठी चित्रपट असाच चालतो, अर्थात नाइलाजाने. येथील मंडळाचे स्वयंसेवक शनिवारी दुपारचा एखादा खेळ ठरवतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटांची नोंद आधीच होते आणि सभागृह भरले तरच पुढच्या आठवड्यात दुसरा खेळ मागितला जातो. रिकाम्या खुर्च्यांना दाखवण्यासाठी आम्ही एकही खेळ लावत नाही, कारण त्याचे भाडे आमच्याच खिशातून जाणार असते.

हिशेबनीस

सातासमुद्रापलीकडे यांची अरुंद वाट मला आवडली, पण मी वर लिहिलेल्या उतरत्या वाटणीमुळे आपल्याकडे तिला एक मोठी अडचण आहे. विस्तार तिसऱ्या आठवड्यात झाला, तर वाटा ३७.५ टक्क्यांचा. काही ठिकाणी नव्याने लागलेल्या पडद्यावर पहिल्या आठवड्यापासूनची वाटणी मिळवता येते, मात्र ते प्रत्येक वितरकाच्या वजनावर अवलंबून असते. मराठी निर्मात्यांच्या संघटनांनी सरकारकडे प्राइम टाइमची मागणी पुन्हा पुन्हा करण्याऐवजी, पन्नासपेक्षा कमी पडद्यांवर सुरू होणाऱ्या चित्रपटासाठी चारही आठवडे सारखी वाटणी मागितली, तर ती चित्रपटगृहांनाही फारशी जड जाणार नाही, असे माझे मत आहे.

पिटातला प्रेक्षक

या चर्चेनंतर मी २०२५ चा उन्हाळा पुन्हा आठवून पाहिला. १ मे रोजी दोन मराठी चित्रपट, त्यांच्या समोर ‘रेड २’ आणि ‘थंडरबोल्ट्स’. आठवड्याभरात भारत-पाकिस्तान तणावामुळे आयपीएलही काही दिवस थांबले आणि लोकांचे सगळे लक्ष बातम्यांकडे गेले. पुढे २३ मे रोजी ‘एप्रिल मे ९९’ हा खुद्द उन्हाळी सुट्टीवरचाच चित्रपट आला, आणि तीनच दिवसांत, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो गेल्या कित्येक दशकांत आला नव्हता. सुट्टीच्या आठवणींचा चित्रपट आणि बाहेर गुडघाभर पाणी, हा योग कोणत्याही निर्मात्याला पंचांग पाहूनही टाळता आला नसता. त्यानंतर ६ जूनला ‘जारण’ आला, तोही ‘हाउसफुल ५’च्या समोर. मराठीतील भयपट, जूनचा पहिला आठवडा आणि समोर तारे-तारकांची फौज, असे सगळेच प्रतिकूल असताना तो आठवड्यामागून आठवडे टिकला आणि त्याचे खेळ वाढत गेले. ‘दुपारचा खेळ’ यांचा निकष लावला तर ते समजते: भयपटाचा तरुण प्रेक्षक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळाच असतो, कॉलेजे तेव्हा सुरू झालेली नसतात, आणि त्या आठवड्यात दुसरा दखलपात्र मराठी चित्रपट त्याच्या वाटेत नव्हता.

वऱ्हाडकर यांना एक विचारायचे राहिले. ‘जारण’ जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नागपूर आणि अमरावतीत टिकला होता का, आणि टिकला असेल तर रात्रीच्या शेवटच्या खेळाला गर्दी कशी होती?

वऱ्हाडकर

अमरावतीचे मला माहीत नाही. नागपुरात मी तो दुसऱ्या शनिवारी रात्रीच्या शेवटच्या खेळाला पाहिला. पुढच्या चार रांगा सोडल्या तर सभागृह भरलेले होते, आणि मध्यंतरात समोशांच्या रांगेत उभी असलेली पोरे आपसात हिंदीत बोलत होती.